चिखलावर तरंगणारं हॉटेल: टोकियोच्या 'इम्पीरियल'ला कशानं तारलं आणि कशानं बुडवलं

१ सप्टेंबर १९२३, शनिवार. टोकियोच्या हिबिया भागात इम्पीरियल हॉटेलच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि मेजवानीची तयारी चालली होती. बाराला दोन मिनिटं असताना भूकंप झाला. तीव्रता ७.९. टोकियो आणि योकोहामाचा मोठा भाग तेव्हा आणि पुढच्या दोन दिवसांत कोसळला, जळाला. एक लाखाच्या आसपास माणसं गेली. इम्पीरियल उभं राहिलं.

इथपर्यंतची हकीकत जगभर सांगितली जाते. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांच्या कीर्तीत तिचा वाटा मोठा आहे. पुढचा भाग मात्र सहसा गाळला जातो. ४४ वर्षांनी, १९६७च्या अखेरीस, हीच इमारत पाडायला घेतली आणि पाडण्यामागचं एक मोठं कारण तिचा पाया हे होतं. ज्या पायानं हॉटेल वाचवलं असं राइट आयुष्यभर सांगत राहिले, तोच पाया. एकच पाया तारतोही आणि बुडवतोही, हे कसं? त्यासाठी आधी हॉटेल, मग चिखल आणि मग भूकंप अशा क्रमानं जाऊ.

सरकारला हॉटेल कशाला हवं होतं

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य देशांनी जपानवर असमान करार लादले होते. परदेशी माणसानं जपानमध्ये गुन्हा केला तरी खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीपुढे चालायचा आणि आयात मालावरची जकात ठरवण्याचा अधिकारही जपानच्या हातात नव्हता. हे करार बदलून घ्यायचे तर आपण 'सुधारलेले' आहोत हे समोरच्याला दिसायला हवं, असा मेइजी सरकारचा हिशेब होता. परराष्ट्रमंत्री इनोऊए काओरु यांच्या पुढाकारानं १८८३मध्ये रोकुमेइकान ही नाचगाण्याची, मेजवान्यांची इमारत झाली. पण मेजवानीनंतर पाहुण्यांनी झोपायचं कुठे? म्हणून तिच्याच शेजारी, राजवाड्याजवळ, नोव्हेंबर १८९०मध्ये पहिलं इम्पीरियल हॉटेल उघडलं. भांडवल उभं करण्यात शिबुसावा एइइची आणि ओकुरा किहाचिरो हे उद्योगपती पुढे होते, आणि राजघराण्याचाही त्यात मोठा हिस्सा होता. जपानी नाव 'तेइकोकु होतेरु', म्हणजे शब्दशः साम्राज्याचं हॉटेल.

खोल्या जेमतेम साठ. विसाव्या शतकात त्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हाचे व्यवस्थापक हायाशी आइसाकु हे आधी न्यूयॉर्कमध्ये जपानी कलावस्तूंच्या व्यापारात होते, आणि राइट हे जपानी काष्ठमुद्रा चित्रांचे संग्राहक होतेच, शिवाय त्यांचा व्यापारही करत. हॉटेलचं काम शिकागोकडच्या या माणसाकडे गेलं त्यामागे हा धागा होता. १९१६मध्ये बोलणी पक्की झाली, १९१९मध्ये बांधकाम सुरू झालं. एप्रिल १९२२मध्ये जुनं हॉटेल जळून खाक झालं आणि घाई वाढली. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला होता. हायाशी पायउतार झाले. राइट जुलै १९२२मध्ये काम अर्धवट सोडून अमेरिकेला गेले, ते परत आले नाहीत. इमारत पूर्ण केली त्यांचे जपानी सहकारी एन्दो आराता यांनी. त्यांचं नाव या हकीकतीत फार कमी वेळा येतं.

खाली काय होतं

हिबिया हा मुळात समुद्राचा फाटा. १५९०मध्ये तोकुगावा इएयासु हा सरदार एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, आला. त्यानंतर शहर वाढवताना जवळच्या टेकडीची माती आणून हा फाटा बुजवला गेला. म्हणजे हॉटेलच्या जागेवर वर भराव होता आणि खाली जुन्या खाडीचा गाळ. राइट यांच्या हिशेबानं वरची बरी माती साधारण अडीच मीटर आणि तिच्याखाली १८ ते २१ मीटर लिबलिबीत चिखल. घट्ट थर त्याच्याही खाली.

अशा जागी पाया घालायचे ढोबळ मार्ग दोन. पहिला, लांब खांब चिखलातून आरपार ठोकून घट्ट थरावर टेकवायचे. इंजिनिअर त्यांना पाइल म्हणतात, आपणही तेच म्हणू. मग इमारतीचं वजन थेट खालच्या घट्ट थरावर जातं आणि चिखलाचा संबंध फारसा उरत नाही. दुसरा, आखूड पाइल वरच्याच थरात घालायचे. त्यांचं टोक कशावरही टेकत नाही. वजन पेललं जातं ते पाइलच्या अंगाला मातीची जी घट्ट मिठी बसते तिच्या घर्षणावर.

राइट यांनी दुसरा मार्ग घेतला. तो स्वस्त होता हे एक कारण. दुसरं कारण त्यांची भूकंपाविषयीची कल्पना. इमारत घट्ट थराला जखडली तर जमिनीचा प्रत्येक हिसका तिला थेट बसेल, त्यापेक्षा लढाऊ जहाज पाण्यावर तरंगतं तशी ती चिखलावर तरंगू द्या, चिखल गादीसारखा धक्का झेलेल, असं त्यांचं म्हणणं.

काम असं झालं: सुमारे २३ सेंटिमीटर जाडीचा, खाली निमुळता होत जाणारा लाकडी खुंट अडीच मीटर खोल ठोकायचा, उपसून काढायचा आणि भोक ढासळायच्या आत त्यात काँक्रीट ओतायचं. पुढचा पाइल साठ सेंटिमीटरवर. भिंतींच्या रेषेत अशा पाइलची दाट पेरणी आणि त्यांच्या डोक्यावर काँक्रीटची रुंद पट्टी. आधी चाचणीही झाली होती. पाइलवर बिडाचे ठोकळे रचून तो किती खचतो हे मोजलं गेलं आणि त्यावरून संपूर्ण इमारतीचं गणित मांडलं गेलं.

चाचणी खोटी नव्हती. तिनं उत्तर दिलं ते वेगळ्याच प्रश्नाचं.

एकट्या पाइलवर वजन ठेवलं की खालच्या मातीवर येणारा दाब फार लवकर विरतो. ढोबळ नियम असा की दाब ज्या रुंदीवर येतो, तिच्या दीड-दोन पट खोलीपर्यंत त्याचा जोर जाणवतो. २३ सेंटिमीटरच्या पाइलच्या टोकाखाली तो अर्ध्या मीटरभरात संपतो. म्हणजे चाचणीनं जोखली ती मुख्यतः वरची अडीच-तीन मीटर बरी माती. पण साठ-साठ सेंटिमीटरवर शेकडो पाइल घातले की ते सुटे वागत नाहीत, मधल्या मातीसकट एक मोठा ठोकळा बनून बसतात. आता रुंदी काही मीटरांची झाली, त्यामुळे दाब खालच्या लिबलिबीत गाळात खोलवर पोचतो. त्या गाळाला कोणी काही विचारलंच नव्हतं.

दुसरी चूक वेळेची. वाळूवर वजन ठेवलं तर ती जी खचायची ती लगेच खचते. चिकण गाळाचं तसं नसतं. त्याच्या कणांमध्ये पाणी अडकलेलं असतं, वजन आलं की आधी ते पाणीच भार घेतं आणि मग अतिशय सावकाश बाजूला झिरपत जातं. जसजसं पाणी निघतं तसतसा गाळ दबतो. याला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ चौपट. वीस मीटर गाळ असेल तर हिशेब दशकांचा होतो. काही दिवसांच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही.

राइट यांना हे अगदीच अनोळखी असावं असंही नाही. तरुणपणी ते शिकागोच्या ॲडलर आणि सलिव्हन यांच्या कचेरीत होते. तिथे १८८९मध्ये पूर्ण झालेली ऑडिटोरियम ही अवजड इमारत मऊ मातीवर रुंद पायानं 'तरंगवलेली' होती आणि ती काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून जास्त खचली. इम्पीरियलचं बांधकाम सांभाळणारे पॉल म्युलरही त्याच कचेरीतले. मात्र गाळ कसा आणि किती काळ दबत जातो याचं गणित तेव्हा कुणाकडेच नव्हतं, ते १९२०च्या दशकात कार्ल टेरझागी यांनी मांडलं. त्यामुळे राइट यांना सगळा दोष देणं अन्यायाचं होईल. पण पुढे तीस वर्षं त्यांनी त्याच पायाची टिमकी वाजवली, ती मात्र त्यांच्या खाती जमा करावी लागते.

जमिनीच्या वर: इथे कौतुक करावं तेवढं थोडं

हॉटेलची मांडणी इंग्रजी 'एच'सारखी. दोन बाजूंना खोल्यांच्या लांब, बुटक्या ओळी आणि मध्ये लॉबी, भोजनगृह, नाट्यगृह, मेजवानीचं दालन. पण ही एक इमारत नव्हतीच. साधारण अठरा-अठरा मीटरवर ती आरपार सांध्यांनी तोडलेली होती. लांब इमारतीचं एक टोक भूकंपात एकीकडे ओढलं जातं, तेव्हा दुसरं टोक भलतीकडे चाललेलं असू शकतं, आणि मग इमारत मध्येच कुठेतरी, आपल्याला नको तिथे फाटते. राइट यांचा विचार असा की फाटणारच असेल तर ती कुठे फाटावी हे आपणच ठरवावं. आगगाडीचे डबे जसे जोडलेलेही असतात आणि सुटेही, तसं. आजही लांब इमारतींत असे सांधे ठेवतात.

भिंती खाली जाड, वर जाताना पातळ, आणि खालच्या मजल्यांना खिडक्या लहान. यानं गुरुत्वमध्य खाली राहतो. छप्पर पातळ तांब्याच्या पत्र्याचं. टोकियोतल्या नेहमीच्या घरांवर जड कौलं असायची. भूकंपात माथ्यावरचा तोच भार घराला लोळवायचा आणि कौलं रस्त्यावरच्या माणसांच्या डोक्यात पडायची. पत्र्याच्या निवडीनं दोन्ही धोके टळले.

भिंतीची रचना नीट पाहण्यासारखी आहे. बाहेरून उभ्या ओरखड्यांची पिवळसर वीट, आतून पोकळ वीट आणि मधल्या फटीत सळया घालून काँक्रीट. विटांचे दोन पापुद्रे हेच साचा. लाकडी सेंटरिंग लावा, मग काढा, मग गिलावा करा, हा सगळा खटाटोप वाचला आणि वीट व काँक्रीट एकजीव झाले. या विटांसाठी आइची प्रांतातल्या तोकोनामे या कुंभारकामाच्या गावात खास कारखाना उघडला होता. पुढे जपानभर ओरखड्यांच्या फरशांची जी लाट आली तिचा उगम इथला.

जमिनीचे स्लॅब मधल्या आधारांवरून दोन्ही बाजूंना छज्जासारखे पुढे काढलेले. वेटर तळहातावर ताट तोलतो तसे, ही राइट यांचीच उपमा. कडेची भिंत हलली तरी स्लॅब तिच्यावर टेकलेलाच नसल्यानं खाली येत नाही.

आणि पाइप. हा भाग दुर्लक्षित राहतो, पण भूकंपानंतर इमारत वापरता येणार की नाही हे बरेचदा पाइपच ठरवतात. भिंतीत पक्के गाडलेले नळ भिंतीला तडा गेला की फुटतात, मग पाणी जातं, गॅस आणि विजेच्या तारांमुळे आग लागते. इथे मुख्य नळ आणि तारा पायापासून सुट्या चरांमधून नेल्या होत्या. वर जाणारे नळ उभ्या पोकळ्यांत मोकळे टांगलेले, वळणं काटकोनी न ठेवता सैल बाक दिलेली. इमारत हलली तर नळाला ताण न बसता तो थोडा ओढला जाईल, एवढी ढील.

प्रवेशासमोर एक मोठा हौद होता. खर्च वाचवण्यासाठी तो गाळावा असा आग्रह झाला होता. शोभेसाठी असता तर गाळलाही असता, पण आग लागली तर पाणी कुठून आणणार, या मुद्द्यावर राइट अडून बसले.

त्या दिवशी नेमकं काय झालं

भूकंप जेवणाच्या वेळेला झाला आणि चुली पेटलेल्या होत्या. घरं लाकडाची, वारा जोराचा. नळ फुटल्यानं विझवायला पाणी नाही. बहुतेक माणसं भूकंपानं नव्हे तर आगीनं गेली. एकट्या होन्जो भागातल्या लष्करी कपड्यांच्या जुन्या कोठाराच्या मोकळ्या आवारात आश्रयाला गेलेले सुमारे ३८,००० लोक आगीच्या वावटळीत सापडले.

म्हणून 'हॉटेल वाचलं' याचा अर्थ ते दोनदा वाचलं. हादऱ्यातून वाचलं ते बुटकेपणा, सांधे आणि हलकं छप्पर यांमुळे. आगीतून वाचलं ते विटा-काँक्रीट, हौदातलं पाणी आणि समोरचं मोकळं हिबिया उद्यान यांमुळे. व्यवस्थापक इनुमारु तेत्सुझो यांनी तातडीनं वीज बंद करवली, त्याचंही श्रेय मोठं. पुढचे काही दिवस बेघर झालेल्या वकिलाती आणि वृत्तसंस्था याच हॉटेलातून चालल्या.

अमेरिकेत आधी बातमी पोचली ती हॉटेल पडल्याची. मग ओकुरांच्या नावानं राइट यांना तार आली: हॉटेल शाबूत आहे, तुमच्या प्रतिभेचं स्मारक म्हणून उभं आहे, अशा अर्थाची. राइट यांनी ती वृत्तपत्रांकडे दिली आणि दंतकथा जन्माला आली. कालांतरानं तिचं 'टोकियोत फक्त हेच हॉटेल वाचलं' इतकं झालं.

तसं नव्हतं. नुकसान पाहणीत इमारतींचे पाच वर्ग केले होते, त्यात इम्पीरियल दुसऱ्या वर्गात आलं, म्हणजे किरकोळ नुकसान. मधला भाग खचला, काही ठिकाणी जमिनी फुगल्या, थोडे दगड निखळले. त्याहून चांगल्या टिकलेल्या इमारती शहरात होत्या. जवळच्या मारुनोउचीत नाइतो ताचू यांनी आराखडलेली इंडस्ट्रियल बँकेची इमारत नुकतीच पूर्ण झाली होती आणि ती धडधाकट राहिली. नाइतोंची वाट राइट यांच्या नेमकी उलट: इमारत तरंगू द्यायची नाही, काँक्रीटच्या आडव्या-उभ्या भिंतींनी तिला पेटीसारखी ताठ करायची. जपानच्या भूकंपरोधक बांधकामाला वळण लागलं ते या वाटेनं. टोकियो टॉवरचा सांगाडाही पुढे नाइतोंनीच आराखडला.

चिखलाच्या गादीचं काय? मऊ गाळ हादरा शोषत नाही, बहुधा वाढवतो. परातीत खरवस ठेवून परात हलवली तर खरवसाचा माथा परातीपेक्षा जास्त डुलतो, तसं. १९८५मध्ये मेक्सिको सिटीत हे भीषण रूपात दिसलं. ते शहर जुन्या तळ्याच्या गाळावर आहे आणि केंद्रबिंदू शेकडो किलोमीटर दूर असूनही तिथे इमारती कोसळल्या. पण तिथलीच एक गोष्ट इम्पीरियलला लागू पडते. गाळ सावकाश डुलतो, एका झोक्याला दोनेक सेकंद घेतो. मध्यम उंचीच्या इमारतींचा झोका त्याच लयीच्या जवळ असतो, म्हणून त्या सर्वांत जास्त पडल्या. बुटक्या, ताठ इमारतीची लय खूप जलद असते, त्यामुळे ती गाळाच्या तालावर नाचत नाही. इम्पीरियलला वाचवून गेला तो हा लयीतला फरक.

बुडत्याचा पाय खोलात

हॉटेल बांधकामापासूनच खचत होतं, भूकंपात आणखी खचलं आणि नंतरही थांबलं नाही. सगळं सारखं खचलं असतं तर फार बिघडलं नसतं, चार पायऱ्या कमी केल्या की झालं. पण मधला जड भाग जास्त खचला, हलके भाग कमी, आणि शेवटी काही जागी खचणं मीटरभरावर गेलं. लांब बोळांच्या जमिनी लाटांसारख्या झाल्या. सांध्यांनी इमारत फाटू दिली नाही हे खरं, पण प्रत्येक तुकडा आपापल्या चालीनं खाली जाऊ लागला. त्यात टोकियोच्या सखल भागात कारखान्यांसाठी जमिनीखालचं पाणी दशकानुदशकं उपसलं गेलं. गाळातलं पाणी उतरलं की गाळ दबतो, हे वर आलंच आहे.

दगडानंही दगा दिला. सगळीकडे कोरलेला ओया हा ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला दगड, उत्सुनोमियाजवळचा. हलका, आगीत टिकणारा आणि इतका मऊ की नक्षी भराभर निघते. मात्र त्यात तपकिरी मातकट डाग असतात, खाणीतले लोक त्यांना 'मिसो' म्हणतात. पावसात ते धुऊन जातात आणि दगडाला भोकं पडतात.

मधल्या काळात बरंच घडलं. मे १९४५च्या हवाई हल्ल्यात दक्षिणेकडचा भाग आणि मेजवानीचं दालन जळालं. युद्धानंतर १९५२पर्यंत हॉटेल अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होतं. १९५८मध्ये इनुमारुंनी डेन्मार्कमध्ये पाहिलेली, टेबलावर मांडलेलं हवं तेवढं घेऊन खाण्याची पद्धत इथे सुरू केली आणि त्या उपाहारगृहाला 'इम्पीरियल व्हायकिंग' नाव दिलं. जपानीत अशा जेवणाला आजही 'बाइकिंगु' म्हणतात.

१९६०च्या दशकात हिशेब असा होता: राजवाड्याजवळची सोन्याच्या मोलाची जमीन, तिच्यावर पसरलेली बुटकी इमारत, तीनशेहून कमी खोल्या, गळकी छपरं आणि खचणारा पाया. विरोध झाला. राइट १९५९मध्ये वारले होते, त्यांच्या पत्नी ओल्गिव्हाना टोकियोला येऊन बोलल्या. तरी नोव्हेंबर १९६७मध्ये दारं बंद झाली आणि पाडकाम सुरू झालं. ओसाकाच्या १९७०च्या जागतिक प्रदर्शनाआधी त्या जागी १७ मजली इमारत उभी राहिली. आता तिचीही पाळी आहे. वास्तुकार ताने त्सुयोशी यांच्या आराखड्यानुसार मुख्य इमारत २०३६पर्यंत नव्यानं बांधायची योजना आहे.

राइट यांच्या हॉटेलचा प्रवेशभाग आणि समोरचा हौद आइची प्रांतात इनुयामाजवळच्या मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात पाहता येतो. सुटे भाग तिथे नेऊन पुन्हा उभारणी पूर्ण व्हायला १९८५ उजाडलं. झिजलेल्या ओया दगडाच्या जागी बऱ्याच ठिकाणी साच्यातून काढलेलं काँक्रीट बसवलं आहे. जवळ जाऊन पाहिलं तर फरक कळतो: मिसोची भोकं आहेत तो अस्सल दगड, एकसारखा गुळगुळीत आहे तो बदली. दार मुद्दाम ठेंगणं आहे, आत दोन पावलं टाकली की छत एकदम तीन मजले वर जातं. वरच्या सज्जात चहा मिळतो आणि तिथून विटांचे ओरखडे सगळ्यांत चांगले दिसतात.